छोट्या ड्रॅगनवंशाची जमात कशी घडवावी: अंड्यापासून इतिहासापर्यंत

कल्पनारम्य कथांत आणि टेबलावरच्या रोलप्लेइंग खेळांत कंबरेएवढ्या उंचीची, खवल्यांची, ड्रॅगनशी नातं सांगणारी एखादी जमात हमखास भेटते. तिच्या वाट्याला बहुधा तीनच गोष्टी येतात: संख्येने भरपूर, स्वभावाने भित्री, सापळे लावण्यात पटाईत. मग लेखक वरून एक इतिहास चिकटवतो. कुठल्या तरी देवाचा शाप, जुनं युद्ध, हरवलेलं राज्य. त्या इतिहासाचा त्या शरीराशी काडीचाही संबंध नसतो. खवले काढून पिसं लावली तरी कथा तशीच चालते, आणि वाचकाला ते जाणवतं.

इथे उलट दिशेने जायचं आहे. आधी शरीर पक्कं करायचं, त्याच्या गरजा आकड्यांत मांडायच्या आणि त्या गरजांतून इतिहास काढायचा. तसं केलं की भित्रेपणा, सापळे आणि गर्दी या तिन्हींना कारण सापडतं, आणि ते कारण बहुतेक वेळा अंड्यांच्या कोठडीत असतं.

क्रम महत्त्वाचा आहे: आकार, ऊब, मेंदू, अंडी, अन्न, जमीन आणि शेवटी इतिहास. मधली पायरी गाळली की पुढचे आकडे कोसळतात. उदाहरणासाठी एक जमात घेऊ आणि तिला ‘खिगास’ म्हणू. हे नाव असंच का, ते पुढे येईल.

आकार आणि वजन

उंची ठरवा आणि वजन लगेच काढा. लांबी दुप्पट झाली की पृष्ठभाग चौपट आणि घनफळ आठपट होतं. लहान होतानाही हाच हिशेब उलटा चालतो. १७० सेंटीमीटर उंचीचा, ६५ किलोचा माणूस त्याच ठेवणीत ९० सेंटीमीटरवर आणला, तर वजन साडेनऊ किलोच्या आसपास येतं. साठ सेंटीमीटरच्या शेपटीचं दीड किलो धरलं की झालं अकरा किलो. खिगासाचं वजन हेच.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे उंची निम्मी आणि वजनही निम्मं धरणं. निम्म्या उंचीचा प्राणी तीस किलोचा केला, तर तो बुटका आणि थोराड दिसेल, अरुंद भेगेतून जाणार नाही आणि त्याचं पोट भरायला दुपटीहून जास्त शिकार लागेल.

एवढं लहान शरीर आलं कुठून, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. ‘ड्रॅगनच्या रक्ताच्या थेंबातून’ हे उत्तर मिथकासाठी ठेवा, खरं उत्तर वेगळं तयार ठेवा. बेटावर अन्न मोजकं असलं की मोठे प्राणी पिढ्यान् पिढ्या लहान होत जातात. सिसिलीवर एके काळी खांद्याशी जेमतेम एक मीटर उंचीचे हत्ती होते. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर लियांग बुआ गुहेत २००३ साली सापडलेला होमो फ्लोरेसिएन्सिस हा मानव एक मीटरहून किंचित उंच होता. त्याचा मेंदू सुमारे ४०० घनसेंटीमीटरचा होता, तरी त्याच्या थरांत दगडी हत्यारं मिळाली. त्याच बेटावर कोमोडो ड्रॅगन ही अजस्र घोरपडही राहते. छोट्या ड्रॅगनवंशासाठी याहून चांगला नमुना मिळणं कठीण. मोठ्या ड्रॅगनची एक शाखा बेटावर किंवा बंद दरीत अडकली आणि आकाराने आटली, एवढं नक्की करा.

पंखांचा निकाल इथेच लावून टाका. कणा असलेल्या जमिनीवरच्या प्राण्यांना हातपायांच्या जास्तीत जास्त दोनच जोड्या असतात. दोन हात, दोन पाय आणि वर दोन पंख म्हणजे तिसरी जोडी, आणि ती आली तर तुमच्या जगातल्या ड्रॅगनच्या साऱ्या नातलगांत ती दिसायला हवी. पंख हवेतच असतील तर ड्रॅको वंशातल्या उडत्या सरड्यांकडे पाहा. त्यांच्या लांब फासळ्यांवर ताणलेली कातडी पंखासारखी उघडते आणि ते झाडावरून झाडावर तरंगत जातात. पण हे सरडे काही ग्रॅमचे असतात. अकरा किलोच्या अंगाला ती कातडी पेलणार नाही. खिगास बिनपंखी आहेत.

ऊब आणि पोट

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. सस्तन प्राण्याला नुसतं पडून राहायला दिवसाला किती ऊर्जा लागते, ते क्लायबरच्या नियमाने काढता येतं: किलोतल्या वजनाचा ०.७५ घात काढा आणि ७० ने गुणा. अकरा किलोसाठी उत्तर साधारण ४२० किलोकॅलरी येतं. हिंडण्याफिरण्यासह त्याच्या दुप्पट, म्हणजे साडेआठशे धरा. त्याच वजनाच्या शीतरक्ताच्या सरपटणाऱ्या प्राण्याचं पडून राहण्याचं भागतं याच्या दहाव्या हिश्श्यात, ४०-४५ किलोकॅलरीत.

मग खिगास शीतरक्ताचे करून टाकावेत, असा मोह होतो. इथे मेंदू आडवा येतो. माणसाचा मेंदू शरीराच्या दोन टक्के वजनाचा असतो, पण विश्रांतीच्या ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे ३०० किलोकॅलरी, एकटा खातो. ४२ किलोकॅलरीवर जगणाऱ्या शरीरात तो बसवणं अशक्य आहे.

वाट दोन्हीकडून काढावी लागते. पहिली गोष्ट, मेंदू लहान पण दाट ठेवा. पोपट आणि कावळ्यांच्या मेंदूत पेशी इतक्या गच्च बसवलेल्या असतात की काही ग्रॅमचा मेंदू माकडाच्या कितीतरी मोठ्या मेंदूची बरोबरी करतो. खिगासाला १५० ग्रॅमचा, पक्ष्यांच्या धाटणीचा मेंदू द्या. माणसाच्या दराने त्याचा खर्च दिवसाला ३३ किलोकॅलरीच्या आसपास. दुसरी गोष्ट, रक्त पूर्ण थंड ठेवू नका. दक्षिण अमेरिकेतला काळा-पांढरा टेगू हा सरडा विणीच्या हंगामात स्वतःचं शरीर भोवतालच्या हवेपेक्षा दहा अंशांपर्यंत गरम ठेवतो, हे २०१६ साली नोंदवलं गेलं. तशी मधली वाट खिगासांना द्या: विश्रांतीला १५० किलोकॅलरी, दिवसभराच्या कामासह ३००. मेंदूचा वाटा पुन्हा पाचव्या हिश्श्याच्या आसपास येतो आणि गणित जुळतं.

३०० किलोकॅलरी हा आकडा वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. खिगासाच्या इतिहासातला जवळजवळ प्रत्येक निर्णय त्याच्यापाशी येऊन थांबतो. आठ खिगास एका माणसाच्या जेवणात जगतात. दुष्काळात शेजारची माणसांची गावं ओस पडतात तेव्हा खिगास टिकतात, आणि दुष्काळ सरल्यावर परतलेल्या माणसांना डोंगर त्यांनी भरलेला दिसतो. कारस्थान कुणीच केलेलं नसतं, तरी ‘ते किड्यांसारखे वाढतात’ ही अफवा अशीच जन्मते.

आग ओकण्याचा प्रश्नही याच आकड्यावर सुटतो. तेलात ग्रॅममागे सुमारे नऊ किलोकॅलरी असतात. एका झोतासाठी वीस ग्रॅम तेल जाळलं तर १८० किलोकॅलरी संपल्या, म्हणजे अर्ध्या दिवसाहून जास्त जेवण एका फुंकरीत गेलं. आग द्यायचीच असेल तर आठवड्यातून एकदा, तीही पोट भरलेलं असताना. त्यापेक्षा बॉम्बार्डियर भुंगेऱ्याची युक्ती स्वस्त आहे. तो हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड पोटातल्या एका कप्प्यात साठवतो, वितंचकं (एन्झाइमं) दुसऱ्या कप्प्यात ठेवतो आणि दोन्ही एकत्र आली की जवळजवळ १०० अंश सेल्सिअसचा दाहक फवारा सोडतो. ज्वाला नाही, पण डोळ्यांवर बसला तर पाठलाग थांबतो.

कातडी, शेपूट, दात, जीभ

खवल्यांचा रंग हवा तो ठेवा, त्याने फारसं काही बिघडत नाही.

शेपटीबाबत मात्र एकच काहीतरी निवडा. पालीसारखी तुटणारी शेपूट द्यायची तर लक्षात ठेवा, पुन्हा उगवणाऱ्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेचा एक दांडा असतो. घोरपडीची शेपूट तुटून सुटत नाही. आणि अनेक पाली शेपटीत चरबी साठवतात, म्हणजे तुटली की हिवाळ्याचा साठाही गेला. खिगासांना चरबीची, तुटणारी शेपूट दिली तर शरद ऋतूत शेपूट गमावलेला खिगास वसंत पाहील याची खात्री नाही. मग वसाहतीला नियम करावा लागतो: शेपूट टाकून जीव वाचवून आलेल्याला इतरांच्या साठ्यातून वाटा द्यायचा की नाही? दोन वसाहतींनी वेगळी उत्तरं दिली की तुम्हाला पंथभेद मिळाला, तोही कुठल्या देवाचा आधार न घेता.

दात आयुष्यभर पडतात आणि नवे येतात. एका मगरीच्या तोंडात जन्मभरात काही हजार दात येऊन जातात. म्हणून खिगासांचे दात त्यांचं चलन म्हणून दाखवू नका. जो माल प्रत्येकाच्या तोंडात आपोआप तयार होतो त्याला किंमत राहत नाही.

हाडांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतं. बंदिस्त पाळलेल्या अनेक सरड्यांना अतिनील किरण मिळाले नाहीत की हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय मुडपतात. गुहेत राहणाऱ्या जमातीला एकतर रोज उन्हात बसावं लागेल किंवा मासे, यकृत, अख्खी शिकार खावी लागेल. उन्हाची जागा गुहेच्या तोंडाशीच असणार, तीही मोजकी. त्या दगडांवर कोण आधी बसतो यावर सत्ता ठरते. वेढा पडला की पहिला फटका लहानग्यांच्या हाडांना आणि अंड्यांच्या कवचांना बसतो. वेढा उठल्यावर दहा वर्षांनी वाकड्या पायांची एक अख्खी पिढी दिसते. कथेत ती नुसती चालताना दाखवली तरी वेढा किती दिवस चालला ते वाचकाला कळतं.

डोळ्यांबाबत एकच सूचना. रातचर पाली अंधुक उजेडात रंगसुद्धा ओळखतात, पण पूर्ण काळोखात कुठलाही डोळा चालत नाही. खोल बोगद्यात खिगास दुभंगलेल्या जिभेने वास चाखतात. जिभेच्या कोणत्या टोकावर गंध जास्त, त्यावरून दिशा कळते.

हीच जीभ भाषा ठरवते. मऊ ओठ नाहीत, म्हणून प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरं त्यांच्या नावांतून गाळा. बारीक जीभ मागे वळत नाही, म्हणून ट, ठ, ड, ढ, ण, ळ ही मूर्धन्य अक्षरंही नकोत. उरलेल्यांतून क, ख, ग, घ, ह, स आणि स्वर निवडा. ‘खिगास’ हे नाव त्यातून आलं. माणसांची नावं ते कसे उच्चारतात तेही यावरून ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. पोपट ओठांशिवाय ‘प’ म्हणतो, हे खरं आहे. तुमच्या जमातीला पक्ष्यांसारखा स्वरयंत्राचा भाग दिलात तर हा नियम सोडता येईल.

अंडी

आता मुख्य गोष्ट.

आधी लिंग कसं ठरतं ते निवडा. मगरींमध्ये ते उबवणीच्या तापमानावर ठरतं. अमेरिकन ॲलिगेटरची अंडी ३० अंशांच्या आसपास उबवली तर माद्या निघतात, ३३ अंशांच्या आसपास नर, आणि त्याहून बरंच वर गेलं की पुन्हा माद्या वाढतात. दुसरा पर्याय गुणसूत्रांचा. कोमोडो ड्रॅगनमध्ये लिंग गुणसूत्रांवर ठरतं, आणि नराशिवाय मादीने घातलेल्या अंड्यांतून पिल्लं निघाल्याचं २००६ साली ब्रिटनमधल्या प्राणिसंग्रहालयांतून नोंदवलं गेलं. ती सगळी पिल्लं नर होती, कारण त्यांची गुणसूत्रांची जोडीच तशी बनते. हे दोन पर्याय एकाच जमातीत मिसळू नका. खिगासांसाठी मगरीची पद्धत घेऊ, कारण तिच्यात इतिहास दडलेला आहे.

मादी चार वर्षांतून एकदा पाच अंडी घालते, प्रत्येक सुमारे १२० ग्रॅमचं. सगळी मिळून तिच्या वजनाच्या साडेपाच टक्के. कवच चामड्यासारखं मऊ, म्हणून भोवती ओल हवी. हवा कोरडी पडली की अंडं खोलगट होतं आणि आतलं पिल्लू वाळतं. फार ओल झाली की बुरशी धरते. उबवणीचा काळ ९० दिवस धरा.

यापुढचा तपशील बहुतेक लेखकांच्या नजरेतून सुटतो. पक्षी अंडी फिरवत राहतात. बहुतेक सरपटणाऱ्या प्राण्यांचं तसं नाही. घातल्यानंतर एखाद्या दिवसात गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो, आणि त्यानंतर अंडं उलटलं तर गर्भ गुदमरून मरण्याची भीती असते. सरडे-साप पाळणारे म्हणूनच अंडं उचलण्याआधी त्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात. खिगास कोळशाचा ठिपका देतील. मग त्या ठिपक्याशेजारी दिवस मोजायला रेघा येतील, कोणत्या मादीचं ते सांगायला चिन्ह येईल. मेसोपोटेमियात इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमारास लिपी हिशेबासाठीच वापरात आली. खिगासांची लिपीही पुरोहितांच्या मंत्रांतून न येता उबवणीच्या कोठडीतल्या ठिपक्यांतून आलेली दाखवा.

९० दिवस अंडी हलवता येत नाहीत, या एका अटीचे परिणाम मोजा. शत्रू आला तर पळता येत नाही. समोरासमोर लढायला अकरा किलोचं शरीर पुरत नाही. उरतो एकच उपाय: शत्रूला कोठडीपर्यंत पोचू न देणं. सापळे, खोट्या वाटा, रांगत जावे लागणारे बोळ, छत पाडायचे खांब हे सगळं या ९० दिवसांसाठी आहे. उरलेल्या वर्षात तेच खिगास धोका दिसला की पसार होतात, कारण तेव्हा पळणं परवडतं. बाहेरच्यांना ते भित्रे वाटतात. हंगामात त्याच बिळात शिरलेल्यांना वेगळं काही दिसतं, पण सांगायला त्यांतले थोडेच परत येतात.

ऊब कुठून आणायची? गुहेच्या आतलं तापमान साधारण त्या भागाच्या वार्षिक सरासरीएवढं असतं. सरासरी १२ अंश असेल तर गुहेतही तेवढंच. खोल गेल्यावर किलोमीटरमागे २५ ते ३० अंश वाढतात. म्हणजे १२ वरून ३१ वर यायला साडेसहाशे ते साडेसातशे मीटर खोली लागेल. छिन्नी-हातोड्याने ते होणार नाही. म्हणून तीन पर्याय राहतात.

पहिला, गरम झरा. मेहनत कमी, पण झऱ्यावरच सगळं अवलंबून.

दुसरा, कुजणारा पालापाचोळा. मगरी, नागराज आणि ऑस्ट्रेलियातला मॅलीफाऊल पक्षी हेच करतात. मॅलीफाऊलचा नर चोचीने ढिगाचं तापमान चाचपतो आणि माती काढून-घालून ते ३३ अंशांच्या आसपास राखतो. ढीग फार मोठा आणि मोकळा केला की आतली ऊब ६० अंशांवर चढते आणि अंडी शिजतात. घट्ट दाबला की हवा संपते, कुजणं मंदावतं आणि ढीग थंड पडतो. म्हणून ढीग छातीएवढा ठेवायचा, अंडी मधोमध न ठेवता वरच्या एक तृतीयांश भागात ठेवायची आणि रोज जिभेने चाचपायचं. हे काम करणाऱ्यांना आपण ‘ऊबराखे’ म्हणू. ढिगाच्या वसाहतीला दरवर्षी जंगलातला पाला लागतो, म्हणजे जंगल तोडणारा शेजारी हा तिचा शत्रू झाला.

तिसरा, मादीची स्वतःची ऊब. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून स्नायू थरथरवते आणि ऊब देते. खिगास मादीला तीन महिने तेच काम उरलं तर इतरांनी तिला भरवायला हवं. ही सगळ्यात महाग पण कुठेही जाऊ शकणारी पद्धत आहे, म्हणून भटक्या टोळ्यांना ती द्या.

लोकसंख्येचा हिशेब

प्रत्येक मादी आयुष्यात तीनदा पाच, म्हणजे पंधरा अंडी घालते. सत्तर टक्के फुटतात, म्हणजे साडेदहा पिल्लं. त्यांतला चौथा हिस्सा वयात येतो, म्हणजे २.६. निम्म्या माद्या धरल्या तर एका मादीमागे पुढच्या पिढीत १.३ माद्या. पिढी १५ वर्षांची धरा. लोकसंख्या साधारण ३८ वर्षांत दुप्पट होते आणि ३०० जणांचे दोनशे वर्षांत ११,००० होतात.

आता तापमान थोडं हलवा. उबवण दोन अंशांनी गरम झाली आणि माद्या निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आल्या, तर एका मादीमागे ०.५ मादी उरते. प्रत्येक पिढीत माद्या जवळजवळ निम्म्या. दीडशे माद्यांच्या ४५ वर्षांत वीस-बावीस होतात. यातली भयानक गोष्ट अशी की सुरुवातीला कुणालाच काही कळत नाही. मगरीच्या लहान पिल्लांत नर-मादी बाहेरून ओळखणं अवघड असतं. खिगासांतही तसंच धरलं तर पहिली बिघडलेली पिढी वयात येईपर्यंत आठ वर्षं गेलेली असतात, आणि त्या आठ वर्षांतली प्रत्येक उबवण बिघडलेली असते.

अंडी जास्त घालायला लावून संख्या वाढवू नका. एका मादीची पन्नास अंडी केली तर लोकसंख्या स्थिर ठेवायला शेकडा ९६ अंडी-पिल्लं मारावी लागतात. एवढ्या मृत्यूच्या जगात आई पिल्लाला नाव ठेवील, शिकवील, त्याच्यासाठी रडेल हे पटत नाही. मग त्यांची संस्कृतीच तुमच्या हातून जाते.

अन्न आणि बोगदे

गुहेत वनस्पती नसतात. ‘ते भूछत्रांवर जगतात’ असं लिहिण्याआधी गुणाकार करा. ताज्या भूछत्राच्या किलोत २५० ते ३०० किलोकॅलरी असतात. ३०० खिगासांना रोज तीनशे-साडेतीनशे किलो भूछत्रं लागतील. ती उगवायला तेवढाच किंवा दुप्पट कोरडा भुसा, लाकूड, शेण बाहेरून आणावं लागेल. वर्षाला शंभर ते अडीचशे टन. भूछत्र प्रकाशाशिवाय उगवतं, पण अन्नाशिवाय नाही. ती तोंडीलावणं म्हणून ठेवा, पोट भरायला नदीतले मासे, किडे, वटवाघळं आणि बाहेरची शिकार द्या.

बोगद्यांचा हिशेब मात्र खिगासांच्या बाजूने आहे. एक मीटर उंच, साठ सेंटीमीटर रुंद बोगद्यात मीटरमागे ०.६ घनमीटर, म्हणजे सुमारे दीड टन खडक निघतो. माणसाच्या १.९ बाय १ मीटरच्या बोगद्यात पाच टन. खिगासाची कामाची ताकद कष्टकरी माणसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी धरा, कारण तो ३००० खातो आणि हा ३००. म्हणजे एका मीटरला खिगासांचे मनुष्यबळाचे दिवस तिप्पट लागतात, पण धान्य एक तृतीयांश. मोठी संख्या त्यांना याचसाठी हवी असते. फोडलेला खडक फुगून दीडपट जागा घेतो, म्हणून राडारोडा कुठे टाकला तेही ठरवा. बाहेरचा ढिगारा वसाहतीचा पत्ता सांगतो. जुन्या वसाहती तो निकामी बोगद्यांतच भरतात.

हवेचे धोके उंचीप्रमाणे बदलतात. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि खड्ड्यांत, तळाशी साचतो. माणसाला धाप लागण्याआधी खिगास कोसळलेला असतो. मिथेन हलका, तो छताशी जमतो आणि हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने फुटतो. आग ओकणारी जमात कोळशाच्या थरात राहते असं लिहिलंत तर ती फार काळ राहणार नाही.

आता इतिहास

कालरेषा पिढ्यांत मोजा. ६०० वर्षं म्हणजे खिगासांच्या चाळीस पिढ्या. माणसांच्या आजोबांनी पाहिलेली लढाई खिगासांच्या दृष्टीने चार-पाच पिढ्यांपूर्वीची, जवळजवळ दंतकथा झालेली असते. तह मोडल्याचा आरोप होतो तेव्हा दोन्ही बाजू खरं बोलत असतात. माणसाला तह करणारा आठवतो, खिगासाला फक्त त्याचं नाव.

नंतर प्रत्येक मोठ्या घटनेला एक शारीरिक कारण द्या. खिगासांचा सांगाडा असा बसतो. गरम झऱ्याशी ३०० जणांची वसाहत. सव्वाशे वर्षांत ती तीन हजारांच्या जवळ जाते आणि उन्हाचे दगड पुरेनासे होतात. म्हणून तरुण फुटून निघतात आणि पाल्याच्या ढिगांची वसाहत जंगलात करतात. १४० व्या वर्षी भूकंप होतो. भूकंपाने झऱ्याचं पाणी तापणं किंवा आटणं प्रत्यक्षात घडतं. झरा दोन अंशांनी तापतो. आठ वर्षांनी पहिला संशय, वीस वर्षांनी घबराट. मूळ वसाहतीत नरच नर. ती जंगलातल्या वसाहतीकडे माद्या मागते, मग पळवून आणते. इथून दोनशे वर्षांचं वैर सुरू होतं. त्यातच एका हंगामात जंगलाचे खिगास अंडी हलवायचं धाडस करतात: पेट्यांत ओली वाळू, अंडी ठिपका वर करून रुतवलेली, पेटी चौघांच्या खांद्यावर, पाऊल सपाट टाकत. किती अंडी शाबूत पोचली त्यावर नव्या वसाहतीची मूळ घराणी ठरतात. माणसं या कथेत शेवटी येतात, जंगल तोडायला.

बाहेरच्यांनी लिहिलेला इतिहास वेगळा ठेवा, आणि तो चुकीचा असूनही प्रामाणिक असू द्या. खरी उदाहरणं आहेत. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टमध्ये १३३५ साली सापडलेली केसाळ गेंड्याची कवटी लोकांनी ड्रॅगनची मानली आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या पुतळ्याचं डोकं तिच्यावरून घडवलं. स्लोव्हेनियात गुहेतून पुरासोबत बाहेर येणारे फिकट ओल्म हे उभयचर लोकांना ड्रॅगनची पिल्लं वाटायचे, तशी नोंद तिथल्या वाल्वासोर या अभ्यासकाने १६८९ साली केली. जर्मन खाणकामगार फसव्या खनिजाचा दोष कोबोल्ड या खाणीतल्या भुतांना द्यायचे. ते खनिज वितळवताना निघणारा विषारी धूर आर्सेनिकचा होता. त्यातला नवा धातू स्वीडिश रसायनज्ञ गेओर्ग ब्रांटने १७३० च्या दशकात वेगळा केला, तो कोबाल्ट. हेच कोबोल्ड १९७४ पासून डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळात आहेत, आणि ड्रॅगनशी त्यांचं नातं २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून पक्कं झालं. तुमच्या जगातल्या माणसांनीही अशीच खरी विषबाधा, खरी हाडं पाहिलेली असावीत आणि दोष मात्र खिगासांवर टाकलेला असावा.

खिगासांचे स्वतःचे पुरावे म्हणजे ठिपक्यांच्या भिंती आणि हाडं. अनेक सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हाडांत झाडासारखी वर्षागणिक वाढीची वलयं दिसतात आणि उपासमारीच्या वर्षी ती दाटून येतात. थडगी उघडणारा जाणकार हाड कापून दुष्काळाचं साल काढू शकतो, मग भिंतीवर काहीही कोरलेलं असो.

खेळ चालवणाऱ्याने वसाहतीच्या पानावर चार आकडे लिहून ठेवावेत: उबवणीचा आज कितवा दिवस, कोठडीचं तापमान, माद्यांचं प्रमाण आणि शेपट्यांत उरलेली चरबी किती दिवसांची. पाहुणे दारात आल्यावर खिगास बोलतील, पळतील की छत पाडतील, ते या चार आकड्यांवरून ठरवा. पहिल्याच दिवशी अंडी अजून हलवता येतात आणि नव्वदीच्या जवळ पिल्लं कवचाच्या आतून आवाज देऊ लागतात, त्यामुळे या दोन टोकांना वाटाघाटीला सगळ्यात जास्त वाव असतो. चाळिसाव्या दिवशी तो नसतो.